गावाच्या नावावर एक कोटी

साताऱ्याचा किल्ला 1700 सालच्या एप्रिलात औरंगजेबाच्या हाती आला. प्रयागजी प्रभूंनी तो हिवाळाभर झुंजवला होता. मार्चमध्ये सिंहगडावर छत्रपती राजाराम महाराज वारले आणि पुढे काही आठवड्यांतच किल्ला खाली झाला. बादशहाने लगोलग त्याचं नाव बदललं. शहजाद्याचं नाव आझम, म्हणून किल्ला झाला ‘आझमतारा’. मूळ नावातला ‘तारा’ जागच्या जागी ठेवला, पुढचं एक अक्षर काढलं आणि तिथे मुलाचं नाव बसवलं. मग परळीचा किल्ला, म्हणजे आपला सज्जनगड, पडला. त्याला नाव मिळालं ‘नौरसतारा’. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाला ‘नौरस’ हा शब्द फार प्रिय होता. पुस्तकाला ‘किताब-ए-नौरस’, वसवलेल्या शहराला ‘नौरसपूर’. परळीच्या नव्या नावात त्या आदिलशाही शब्दाला साताऱ्याचा ‘तारा’ जोडला गेला. 1702 साली खेळणा ऊर्फ विशाळगड घेतल्यावर त्याचं नाव ठेवलं ‘सख्खरलना’. देवाने हे आमच्या स्वाधीन केलं, असा त्या अरबी शब्दांचा भाव. आणि शेवटचं ‘लना’ खेळण्याशी यमक जुळवणारं.

ऐंशीच्या घरातला, दख्खनच्या चिखलात वर्षानुवर्षं छावणी टाकून बसलेला बादशहा एकामागून एक किल्ल्यांच्या नावांवर कोट्या करतो आहे, हे चित्र मला इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात कधी भेटलं नाही. ते भेटायला हवं होतं. कारण मराठ्यांचं उत्तरही त्याच भाषेत आलं. ताराराणींच्या फौजेने किल्ला परत घेतला आणि ‘आझम’ काढून ‘अजिंक्य’ घातलं, असं सातारकर सांगतात. बादशहाची कोटी त्यांनी खोडली नाही, तिच्यावर वरचढ कोटी केली. अजिंक्यतारा हे नाव आज सहकारी संस्थांपासून क्रिकेटच्या संघांपर्यंत साताऱ्यात सगळीकडे आहे.

‘सातारा’ म्हणजे काय, हा वाद मात्र आझमच्याही आधीचा असावा. सात डोंगरांनी वेढलेलं म्हणून सातारा, हे शहरात कुणालाही विचारलं तर पहिल्याछूट मिळणारं उत्तर. जुन्या गॅझेटियरमध्ये वेगळंच आहे: किल्ल्याला तट, बुरूज, दरवाजे मिळून सतरा, म्हणून सातारा. राजवाड्याजवळच्या कट्ट्यावर हा विषय काढला तेव्हा निवृत्त मास्तरांच्या घोळक्यात सरळ दोन तट पडले. एक गुरुजी बोटं मोडून डोंगर मोजू लागले: अजिंक्यतारा, यवतेश्वर, पेढ्याचा भैरोबा. चौथ्या-पाचव्याला दुसऱ्यांनी अडवलं. “हा डोंगर वेगळा कसा, गुरुजी? ती एकाच डोंगराची सोंड. तुम्ही सोंडा मोजाल तर सातारचं सतरा आपसूक होईल!” सगळे हसले आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

या लेखाचा विषय हाच आहे. गावांच्या, नद्यांच्या, गडांच्या नावांवरून आपल्याकडे चालणाऱ्या कोट्या आणि त्यांच्यावरून होणारी गोडीगुलाबीची भांडणं. मला हे भांडण फार मोलाचं वाटतं. शाळा सुटल्यानंतर इतिहास-भूगोलाचं पुस्तक हाती न धरणारा माणूससुद्धा आपल्या गावाच्या नावाचा विषय निघाला की पुराणं, शिलालेख, नदीचा उगम, पेशव्यांची सनद, सगळं काढून बसतो. त्याच्याकडचा इतिहास कधी चुकीचा असतो, पण तो त्याचा स्वतःचा असतो, आणि कुणी दुसरा कागद पुढे केला तर तो वाचायला तयार होतो.

मराठीत कोटी करण्याला मोठी परंपरा आहे. विनोदी लेखनाचे जनक मानले जाणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर नागपूरचे, 1871 चा जन्म. वकिली केली ती वऱ्हाडातल्या जळगाव जामोदला. त्यांच्या लेखनात कोटीवर कोटी येते. त्यांना गुरू मानणारे राम गणेश गडकरी जन्मले गुजरातेत नवसारीला, वाढले-लिहिते झाले पुण्यात आणि 1919 च्या जानेवारीत वारले नागपूरजवळच्या सावनेरला. त्यामुळे गडकरी कुणाचे, या प्रश्नाला तीन उत्तरं तयार आहेत. आचार्य अत्र्यांनी आत्मचरित्राला ‘कऱ्हेचे पाणी’ हे नाव देऊन सासवडची लहानशी नदी महाराष्ट्रभर पोचवली. आणि पु. ल. देशपांड्यांनी मुंबईकर, पुणेकर, नागपूरकर यांच्यातल्या फरकावर जो लेख लिहिला, त्याने तीन शहरांच्या थट्टेला कायमचा आकार दिला. आज दोन पुणेकर आणि एक नागपूरकर एकत्र आले की तिघंही थोडेफार त्या लेखातल्यासारखे बोलू लागतात.

पण मला ओढ आहे ती लेखक नसलेल्यांच्या कोट्यांची.

लांबच्या प्रवासात मुलांना गप्प बसवायला आमच्याकडे एक खेळ चालतो. अंकांची गावं सांगायची. पाचगणी, सातारा, नवापूर, बारामती, तेर, सोलापूर, विसापूर, चाळीसगाव. प्रत्येक गावाला समोरच्याने हरकत घ्यायची आणि सांगणाऱ्याने ती परतवायची. खेळाची सगळी गंमत हरकतीत आहे. नवापूरमधलं ‘नव’ म्हणजे नवं, नऊ नव्हे, बाद. तेर हे प्राचीन ‘तगर’, रोमन व्यापाऱ्यांना ठाऊक असलेली पेठ, त्यात तेराचा काही संबंध नाही, बाद. पाचगणीला पाच डोंगर दाखवता येतात, चालेल. सोलापूरवर मात्र हमखास जुंपते.

सोळा गावं एक होऊन सोलापूर झालं, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. शिलालेख वेगळं बोलतात. सिद्धरामेश्वरांच्या काळात, म्हणजे बाराव्या शतकात कल्याणीच्या कलचुरींच्या अमलात, या गावाला ‘सोन्नलगे’ म्हणत, पुढे ‘सोन्नलगी’. नंतरच्या लेखांमधून ‘सोनलपूर’, ‘संदलपूर’ अशी रूपं दिसतात. त्यांतलं मधलं अक्षर बोलता बोलता झिजलं आणि सोलापूर उरलं, अशी संगती लागते. सोळाचा हिशेब नंतर कुणीतरी कानाला लागला म्हणून जोडला. एका सोलापूरकर काकांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, “सोन्नलगी तर आम्ही म्हणतोच की, सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत. पण सोळा गावं बी सोडायची न्हाईत.” गड्ड्याच्या यात्रेतलं नाव एका हाती आणि आजीने सांगितलेलं दुसऱ्या हाती, दोन्ही धरून ते ठाम उभे होते. मला त्यांचं पटलं. शिलालेख नगराच्या जन्माचा पुरावा आहे. सोळा गावांची गोष्ट हा या नगराकडे भोवतालच्या खेड्यांनी कसं पाहिलं, याचा पुरावा आहे. दोन्ही दोन वेगळ्या खणांत ठेवले की भांडण उरत नाही, फक्त चर्चा उरते.

आणि अंक नेहमीच फसवे असतात असंही नाही. इथे गोव्याकडे वळावं. तिसवाडी म्हणजे तीस वाड्या, साष्टी म्हणजे सहासष्ट गावं, सत्तरी म्हणजे सत्तर गावं, आणि बारदेशात बारा. गोव्याच्या नकाशावर एक अख्खी गावमोजणी पसरलेली आहे, आणि ती वसाहतीचा, गावकारीचा खरा इतिहास सांगते. मजा म्हणजे साष्टी दोन आहेत. एक मडगावची आणि दुसरी मुंबई-ठाण्याची, जिच्यावर आज अंधेरी, बोरिवली, मुलुंड उभी आहेत. तीही सहासष्ट गावांचीच. पोर्तुगीजांनी दोन्हींना जवळजवळ सारख्याच रूपात कागदावर उतरवलं, त्यामुळे जुनी कागदपत्रं वाचणाऱ्याला ‘कुठली साष्टी?’ हे आधी ठरवावं लागतं. अलिबागकडचं अष्टागर आठ आगरांचं. नारळी-पोफळीच्या त्या बागा अजून आहेत. पुण्याखालची बारा मावळं आणि जुन्नराखालची बारा मावळं ही तर शिवकालातली रोजच्या वापरातली गणती. म्हणजे अंकांच्या खेळात गोवा आणि मावळ बिनहरकत, सोलापूर बाद, आणि साताऱ्यावर निकाल राखून ठेवलेला.

पोर्तुगीजांचा विषय निघालाच आहे तर मुंबईचंही सांगून टाकतो. ‘बॉम्बे’ हे नाव पोर्तुगीज भाषेतल्या ‘बॉम बाईआ’, म्हणजे चांगली खाडी, यावरून आलं असं शंभरदा ऐकलं असेल. पोर्तुगीजमध्ये ‘बाईआ’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे आणि ‘बॉम’ हे विशेषण पुल्लिंगी. पोर्तुगीज माणूस ‘बोआ बाईआ’ म्हणेल. आपल्याकडे कुणी ‘चांगला खाडी’ म्हणेल का? मुंबादेवीच्या नावाचं परक्या जिभेवर जे झालं त्यावर नंतर कुणीतरी खाडीचा अर्थ चढवला, इतकंच. एका लिंगभेदाने ही गोष्ट उलगडते, म्हणून मला ती शाळेत व्याकरणाच्या तासाला सांगावीशी वाटते.

आता सिंहगड. कोट्यांच्या या सगळ्या प्रदेशात इतकी मोठी, इतकी रक्ताची कोटी दुसरी नाही. 4 फेब्रुवारी 1670 ची रात्र, तानाजी मालुसरे, कोंढाण्याचा कडा, आणि महाराजांच्या तोंडचं ते वाक्य: गड आला पण सिंह गेला. त्यावरून कोंढाण्याचा सिंहगड झाला. तुळशीदास शाहिराच्या पोवाड्याने हा प्रसंग गावोगाव नेला आणि हरि नारायण आपट्यांनी त्याच वाक्याचं नाव देऊन कादंबरी लिहिली. महाराष्ट्रातलं पाच वर्षांचं पोरही हे सांगेल.

आणि तरीही शिवाजी महाराजांचं एप्रिल 1663 चं पत्र उपलब्ध आहे, मोरोपंत पिंगळे आणि निळोपंत मुजुमदारांना लिहिलेलं, ज्यात या किल्ल्याला ‘सिंहगड’ म्हटलं आहे. लाल महालात शायिस्तेखानावर छापा पडला त्याच दिवसांतलं हे पत्र. म्हणजे तानाजी पडण्याच्या जवळजवळ सात वर्षं आधी गडाचं नाव सिंहगड होतं.

हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा चेहरा मी अनेकदा पाहिला आहे. गडावर कल्याण दरवाजाच्या वाटेला ताक विकायला बसलेल्या मावशींसमोर एका ट्रेकरने हा मुद्दा काढला होता. मावशींनी ताकाचा पेला पुढे करत विचारलं, “मंग तानाजी लडला नाय का?” लढला, असं तो म्हणाला. “गड घेतला नाय का?” घेतला. “मंग त्यो सिंह नव्हं का?” पोरगा गप्प. मावशींचा प्रश्न बिनतोड आहे. पत्राने नावाचा काळ बदलतो, तानाजीचं शौर्य तसूभर हलत नाही. उलट मला त्या वाक्याला पत्रामुळे जास्त धार आल्यासारखी वाटते. गडाचं नाव आधीच सिंहगड असेल, तर ‘गड आला, सिंह गेला’ हे शब्द ऐकणाऱ्या प्रत्येकाला ते नाव माहीत होतं. नावाचे दोन तुकडे करून एक हाती आला आणि एक गेला, असं म्हणणं म्हणजे कोटीच, आणि ती नाव आधीपासून असल्यावरच पूर्ण लागू पडते. वाक्य प्रत्यक्ष महाराजांचं की पुढच्या शाहिराचं, हा निराळा प्रश्न. पण ज्याच्या तोंडून ते निघालं त्याला शब्द तोडून जोडता येत होते, आणि दुःख असं दोन शब्दांत मावू शकतं हे ठाऊक होतं.

याच गडावरच्या घोरपडीचंही एक सांगायला हवं. दोर बांधून कड्यावर चढवलेली यशवंती पोवाड्यातून आपल्यापर्यंत आली. मुधोळच्या घोरपडे घराण्यात त्यांच्या आडनावाची जी कथा सांगतात, तीही हीच: बहमनी काळात खेळणा किल्ला घेताना त्यांचा पूर्वज घोरपडीला दोर बांधून तट चढला. दोन किल्ले, दोन शतकं, एकच युक्ती. कथा एका कड्यावरून दुसऱ्या कड्यावर गेली असं मी समजतो. वाटेत एखाद्या घोरपडे नावाच्या शिलेदाराची घोरपड झाली असेल, असाही तर्क गडप्रेमी मंडळी लढवतात. रात्री शेकोटीभोवती या तर्कावर दोन तास सहज जातात.

गडांच्या नावांत आणखी एक गंमत आहे जिच्याकडे फारसं लक्ष जात नाही. जोडकिल्ल्यांची नावं कानाला जोडीने लागावीत अशी आहेत: साताऱ्याचे चंदन-वंदन, मनमाडजवळचे अंकाई-टंकाई, सातमाळेतले रवळ्या-जवळ्या. बोलीत आपण चहाबिहा, पाणीबिणी म्हणतो तशी ही डोंगरांची नावं. हे एखाद्या राजाने बसून ठेवलेलं वाटत नाही. गुरं घेऊन रानात जाणाऱ्यांच्या जिभेने ते केलं असावं, असं मला वाटतं.

नद्यांवरची भांडणं जास्त मधुर असतात, कारण दोन्हीकडच्यांना आपापल्या घाटाचा अभिमान असतो. ‘पंचगंगा’ म्हटलं की कोल्हापूरकर नदी दाखवेल आणि महाबळेश्वरकर देऊळ. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री या पाच नद्या उगम पावतात अशी श्रद्धा. गोमुखातून पाणी पडतं ते एकाच कुंडात. शिवाय भागीरथी बारा वर्षांनी आणि सरस्वती साठ वर्षांनी प्रकटते, म्हणजे मोजायला गेलं तर सात. कोल्हापूरची पंचगंगा कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांची. पाचवी सरस्वती गुप्त. म्हणजे मोजायला गेलं तर चार. एका ठिकाणी पाचाच्या सात, दुसऱ्या ठिकाणी पाचाच्या चार, आणि दोन्हीकडे नाव पंचगंगाच. पुढे कोल्हापूरची पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिळते, त्यामुळे एका पंचगंगेत निघालेली कृष्णा वाटेत दुसऱ्या पंचगंगेला भेटते. माझ्या मते महाराष्ट्राच्या भूगोलातला हा सर्वांत सुंदर श्लेष आहे आणि तो कुणीही केलेला नाही.

त्या मंदिरात उभं राहून विचार करण्यासारखं आणखी आहे. सावित्री तिथून पश्चिमेला उतरते आणि थोड्याच अंतरात बाणकोटजवळ अरबी समुद्राला मिळते. कृष्णा समुद्र इतका जवळ असून त्याच्याकडे पाठ फिरवते आणि सुमारे चौदाशे किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला जाते. सह्याद्रीची ऐन धार तिथे आहे. देवळात जी श्रद्धा आहे तिने जलविभाजकाचा पत्ता नेमका सांगितला आहे.

कऱ्हाडला प्रीतिसंगमावर संध्याकाळी गेलं की कळतं, नद्यांचं नातं लावण्यात लोक किती बारकाईने बघतात. उत्तरेकडून कृष्णा येते, कोयना समोरून. दोघी अगदी तोंडासमोर येतात आणि मग एकत्र होऊन पूर्वेला काटकोनात वळतात. दोन नद्या एका कोनात मिळतात हे आपण सगळीकडे बघतो. अशा समोरासमोर येऊन भिडणाऱ्या फार थोड्या. म्हणून हा ‘प्रीतिसंगम’. घाटावर बसलेल्या दोन बायका बोलत होत्या. एक पाटणची, म्हणजे कोयनाकाठची; दुसरी वाईची. “आमची कोयना येती म्हणून तुमच्या कृष्णेला पाणी,” पहिली म्हणाली. दुसरीने उत्तर दिलं, “येती खरी, पण इथनं पुढं नाव कुणाचं लागतं, सांग की!” दोघी कऱ्हाडला दिलेल्या सुना. माहेर नदीवरून सांगायची ही रीत ऐकून मला फार बरं वाटलं.

वाईचं नाव निघालं की ‘दक्षिण काशी’ आलीच. वाई दक्षिण काशी, कोल्हापूर दक्षिण काशी, पैठण दक्षिण काशी, पंढरपूरही दक्षिण काशी. पंढरपुरात तर भीमेचं पात्र चंद्रकोरीसारखं वळतं म्हणून तिचं नाव चंद्रभागा. गाव संपलं की पुन्हा भीमा. या चौघांत खरी काशी कुठली असं विचारणं मला अनाठायी वाटतं. प्रत्येक गावाने आपल्या घाटांना, आपल्या शास्त्र्यांना, आपल्या देवळांना एकच सर्वोच्च उपमा दिली. वाईला त्या उपमेचं ऋण विसाव्या शतकात फेडताही आलं: तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचं काम इथेच बसून उभं केलं.

प्रदेशांच्या नावांवर तर बादशहांनी आणि पंडितांनीही हात चालवला आहे. वऱ्हाड म्हणजे लग्नाची मंडळी. रुक्मिणी विदर्भाची राजकन्या, तिचं कौंडिण्यपूर वर्धाकाठी अमरावती जिल्ह्यात. तेव्हा कृष्णाच्या लग्नाला जमलेलं ते वऱ्हाड, अशी लोककथा. अकबराच्या दरबारातला अबुल फजल ‘आईन-ए-अकबरी’त निराळी उकल देतो: वर्धा नदीचा तट, ‘वरदातट’, त्याचं वऱ्हाड. चारशेहून अधिक वर्षांपूर्वी आग्र्याच्या विद्वानाने वऱ्हाडातल्या कुणाला तरी हा प्रश्न विचारून टिपून ठेवला, याचं मला अप्रूप वाटतं. खानदेशावर कान्हदेश, खांडववन आणि फारुकी राजांना मिळालेला ‘खान’ हा किताब असे तीन दावे आहेत. अकबराने 1601 मध्ये तो जिंकला तेव्हा शहजादा दानियालच्या नावावरून त्याचा ‘दानदेश’ केला. आझमताऱ्याच्या शंभर वर्षं आधी, पणजोबाने केलेली तीच युक्ती. दानदेश कागदावर राहिला, जळगाव-धुळ्याच्या तोंडी खानदेशच राहिला.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे याच खानदेशात, धुळ्याला, 1926 च्या अखेरच्या दिवशी वारले. मराठ्यांच्या इतिहासाची साधनं दारोदार हिंडून जमवणारा हा माणूस ग्रामनामांच्या मागेही तितक्याच जिद्दीने लागला होता. झाडांवरून, प्राण्यांवरून, जमातींवरून गावांना नावं कशी पडली हे शोधताना त्यांनी साध्या गावनावात वसाहतीचा इतिहास वाचायला शिकवलं. त्यांच्या कित्येक व्युत्पत्ती आज विद्वान मानत नाहीत. पण ‘हे नाव असंच का?’ हा प्रश्न महाराष्ट्राने गंभीरपणे घ्यावा, हे त्यांच्यामुळे झालं. पुण्यावरच्या ‘पुण्याचं गाव’ या कोटीला आज आपण आठव्या शतकातल्या राष्ट्रकूट ताम्रपटांशी ताडून बघतो. तिथे 758 मध्ये ‘पुण्यविषय’ आणि 768 मध्ये ‘पूनकविषय’ अशी दोन्ही रूपं आहेत, म्हणजे बाराशे वर्षांपूर्वीच पुण्याच्या नावावर मतभेद सुरू झाले होते! मतभेदांची ही सवय पुणेकरांनी पुढे सोडली नाही, हे आनंदाने नोंदवतो.

एसटीच्या स्टँडवर भूगोलाचा वर्ग रोज भरतो. “मास्तर, कर्जत लागली का?” या प्रश्नाला स्वारगेटचा कंडक्टर आधी “कुठली? नगरची का रायगडची?” असं विचारतो, कारण चुकलेला प्रवासी घाट उतरून कोकणात तरी पोचतो किंवा अवर्षणाच्या माळावर तरी. खेड म्हणाल तर रत्नागिरीचं खेड, आणि राजगुरुनगर झालेलं पुण्याचं खेड. तळेगाव दाभाडे, तळेगाव ढमढेरे, तळेगाव दशासर. मालेगाव नाशिकचं आणि वाशीमचं. आणि अमरावती जिल्ह्यात एक चांदूर रेल्वे, एक चांदूर बाजार. कुणाकडे रेल्वे आली, कुणाकडे बाजार भरला, यावरून गावांची ओळख पक्की झाली. विदर्भातल्या माणसाने पुण्यात भाजीवालीला “सांबार कसा दिला?” विचारावं आणि तिने हॉटेलकडे बोट दाखवावं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तिकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. सांबारवडी खाल्ल्यावर हा वाद संपतो. चिरमुरे, चुरमुरे, कुरमुरे, मुरमुरे यांचा मात्र कधीच संपत नाही, कारण त्यात प्रत्येकाच्या लहानपणीची भेळ आहे.

पिकांवरच्या, वस्तूंवरच्या नावांची भांडणं आता कायद्यापर्यंत गेली आहेत. हापूस देवगडचा की रत्नागिरीचा, याचा निकाल 2018 मध्ये भौगोलिक मानांकन देताना कोकणातल्या पाच जिल्ह्यांना एकत्र घेऊन लावला गेला. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेच्या मानांकनात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आले. नाव कोल्हापूरचं, आणि बांधणारे हात अथणी-निपाणीचेही. नागपुरी संत्रं बहुतांशी वरुड-मोर्शीच्या बागांतलं. पैठणी पैठणची, पण माग मोठ्या संख्येने येवल्याला. येवल्याच्या विणकराला यात काही खटकत नाही. त्याच्या काठावरचा मोर दोन्ही गावांचा आहे.

गावोगाव चालणारा सर्वांत घरगुती वाद म्हणजे खुर्द आणि बुद्रुक. फारसी ‘खुर्द’ म्हणजे लहान, ‘बुजुर्ग’चं बुद्रुक म्हणजे थोरलं. ही विभागणी पाटील-कुलकर्ण्यांच्या दप्तरातून आली आणि नावाला कायमची चिकटली. आता शंभर-दोनशे वर्षांत कित्येक ठिकाणी धाकटं गाव थोरल्यापेक्षा मोठं झालं आहे. कुठे हायवे खुर्दमधून गेला, कुठे कॉलेज खुर्दला मिळालं. तरी लग्नाच्या पंगतीत बुद्रुकवाला म्हणतोच, “थोरलं ते थोरलं.” पुण्यात कोंढवा खुर्द आणि कोंढवा बुद्रुक यांची हद्द आता सोसायट्यांच्या भिंतींत हरवली आहे. धोंडो केशव कर्व्यांनी जिथे आश्रम नेला ते हिंगणे बुद्रुक आज कर्वेनगर आहे. पाटी बदलल्यावर खुर्दशी असलेलं नातंही पाटीवरून गेलं.

खरं थोरलं कोण, हे सांगणारे कागद आहेत. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे कोट्यवधी मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. गोविंद सखाराम सरदेसायांनी 1930 नंतरच्या काही वर्षांत त्यांतून निवडून 45 खंड छापले. त्या ढिगाऱ्यापुढे ते अगदी थोडे. गावांच्या हद्दी, पाटीलकीचे तंटे, शिवधड्यांवरच्या मारामाऱ्या, कोणत्या झाडापासून कोणत्या ओढ्यापर्यंत कुणाची सीमा, सगळं तिथे लिहिलेलं आहे. मोडी वाचणारी तरुण मुलं वाढायला हवीत असं मला मनापासून वाटतं. आपल्या गावच्या कोटीचा कागद आपणच काढून वाचण्याइतका आनंद दुसऱ्या कशात नाही.

आणि काही नावं कागदावर कधी आलीच नाहीत, आली ती पुसली गेली. गावची वस्ती ती पांढरी, शेतजमीन ती काळी. त्या काळीतल्या प्रत्येक तुकड्याला नाव होतं. इंग्रजी बंदोबस्तात सर्व्हे नंबर आले. 1947 च्या कायद्यानंतर एकत्रीकरण होत गेलं तसे गट नंबर आले. सातबाऱ्यावर आता आकडा असतो. नाव फक्त बोलण्यात उरलं आहे. माण तालुक्यातल्या एका बांधावर मी एका आजोबांना त्यांच्या शिवारातली नावं विचारली. ते हात लांबवून दाखवत गेले: पडकं, चिंचेचं, वाण्याचं, घोडेटेपाड, सतीचा माळ, बामणकी. सोबत आलेला नातू मोबाइलवर टिपून घेत होता. ‘वाण्याचं’ ऐकून तो थांबला. “आबा, आपल्या गावात वाणी कुठं हाय?”

“हुता की. दुष्काळात गेला,” आबा म्हणाले.

शेजारच्या वावरात खुरपणारे त्यांचे चुलतभाऊ तिथूनच ओरडले, “वाणी कशाचा? वाणाचं रान हुतं ते. ज्वारीचं वाण हितंच राखायचं. वाणाचं, वाण्याचं न्हवं!”

“तू लहान हुतास तवा,” आबांनी उत्तर दिलं.

“मी लहान? तुझ्यापरास दीड वर्सानं!” ते खुरपं घेऊन बांधावर आले आणि दोघं शेजारी बसले. नातवाने दोन्ही अर्थ लिहून घेतले. मग त्याने घोडेटेपाडावर घोडे कुणाचे होते ते विचारलं, तेव्हा दोघंही एकदम बोलू लागले.